रविवारच्या पाट्या

रविवारी सकाळी आप्पा गुळगुळीत दाढी करत, धुतलेला सदरा घालत, गळ्याजवळचं बटणसुद्धा लावत आणि मग जेवणाच्या टेबलाशी टॅबपुढे असे बसत, जणू समोरच्या खुर्चीत कुणी थोर माणूस येऊन बसणार आहे. तसं म्हटलं तर येणारच असे. त्यांची थोरली बहीण, अक्का. फक्त ती खुर्चीत यायची नाही, काचेत यायची. कधी पुरी यायची, कधी नुसतं कपाळ यायचं, कधी बोलता बोलता तोंड उघडं ठेवून तशीच थिजायची. मग आप्पा बिचारे ती वाक्य पुरं करील म्हणून गुडघ्यांवर हात ठेवून अदबीनं थांबून राहत. बऱ्याच वेळानं त्यांच्या ध्यानात येई की अक्का नव्हे, टॅब थांबलाय.

गल्लीत आप्पांना अजून जुळारी म्हणत. उभा जन्म त्यांनी छापखान्यात खिळे जुळवले होते. शिशाचं एकेक अक्षर उचलायचं, हातातल्या लोखंडी पट्टीत उलटं बसवायचं, ओळ भरली की चौकटीत घट्ट आवळायची. त्या उलट्या ओळी आप्पा, आपण दुकानावरची पाटी वाचावी तशा, घडाघडा वाचत. मोठ्या जाहिरातींसाठी लाकडी अक्षरं कोरायची असली की फळीवर ती उलटी रेखाटायचं कामही त्यांच्याच गळ्यात पडे. पुढे छापखाना बंद पडला, यंत्रं भंगारात गेली, पण ती सवय बोटांत राहून गेली ती गेलीच नाही.

टॅबशी मात्र त्यांचं सूत जमेना. छापखान्यात एकदा आवळलेलं अक्षर जागचं हलत नसे. इथे बोट लागलं न लागलं की अख्खं पान सरकून जाई. टॅब जरासा कलला की चित्र आडवं होई, आडव्यासाठी मान वाकडी करावी तर ते पुन्हा उभं. मध्येच कुठूनशी एक चौकट उगवे आणि विचारी, 'परवानगी द्यायची का?' कुणाला आणि कशाची, ते काही सांगत नसे. आप्पा संकोचानं 'हो' दाबून टाकत. दारात येऊन विचारणाऱ्याला नाही कसं म्हणायचं? टंकून लिहावं तर अक्षरं भलत्याच क्रमानं मांडलेली. त्यांचं बोट आपोआप तिथे जाई, जिथे छापखान्यातल्या खणांच्या पेटीत ते अक्षर असायचं, आणि काचेवर उमटे ते वेगळंच काही. सून म्हणायची, "आप्पा, जरा बघून दाबा ना." त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं होतं. "बघून जुळवत बसलो असतो तर मालकानं पहिल्याच आठवड्यात घरी बसवला असता."

एवढी झटापट चालली होती ती रविवारसाठी. कुणी उपास धरतं, कुणी पहाटे नामस्मरणाला बसतं, आप्पांचा नेम रविवारचा होता. सकाळच्या बसनं अक्काच्या गावी जायचं, दिवसभर तिच्यापाशी बसायचं, संध्याकाळच्या बसनं परत यायचं. त्यांचं लग्न झालं तरी तो मोडला नाही, अक्काचे यजमान गेले तरी मोडला नाही. आई लवकर गेली होती आणि अक्कानंच त्यांना वाढवलं होतं; आता तिचं दर्शन घेतल्याशिवाय आठवडा सुरू झाल्यासारखा त्यांना वाटत नसे. अक्का आता आपल्या मुलीकडे, म्हणजे आप्पांच्या भाचीकडे राहायची. भाचीचं केस कापायचं दुकान होतं, आणि दुकानाच्या वर दोन खोल्या. अक्काचे कान आधी उणे झाले, मग पार गेले. कानात घालायचं यंत्र तिनं डबीत ठेवून दिलं. त्यात नुसता वारा वाजतो, म्हणायची. मग आप्पांनी तोड काढली. जाड पुठ्ठा आणि जाड टोकाचा पेन घेऊन ते जाऊ लागले. ते बोलायचे पाटीनं, ती बोलायची तोंडानं, आणि दुपार कशी सरायची ते दोघांनाही कळायचं नाही.

मग आप्पांचा जिन्यात पाय घसरला आणि खुबा मोडला. शस्त्रक्रिया झाली, काठी आली, आणि डॉक्टरांनी सांगितलं की बसची पायरी विसरा. खुब्यापेक्षा त्या शब्दानंच आप्पा जास्त कळवळले. तेव्हा सुनेनं हा टॅब आणला होता. मुलगा बोटीवर, महिनोन्महिने समुद्रात. घरात सून आणि सासरे दोघंच. सून दवाखान्यात परिचारिका होती आणि रविवारी बहुधा तिची पाळी असे.

पहिल्या रविवारी मात्र ती घरी होती. तिनं टॅब पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा केला, कुठेकुठे दाबलं, आणि अक्का दिसू लागली. आप्पांनी पाटी वर धरली. 'अक्का, बरी आहेस ना?'

"मी बरी आहे रे खिळ्या," अक्का लगेच म्हणाली. "तुझ्या खुब्याचं काय ते सांग." आप्पा छापखान्यात लागले तेव्हा तिनं हे नाव ठेवलं होतं, आणि ते वापरणारी या जगात आता ती एकटीच उरली होती.

सगळं झकास चाललं होतं. पण मध्येच आप्पांची नजर काचेच्या कोपऱ्यात गेली. तिथे एक चिमुकली चौकट होती. तिच्यात ते स्वतः होते, गळ्याजवळच्या बटणासकट, आणि हातात पाटी. पाटीवरची अक्षरं उलटी होती. पार उलटी, शिशाच्या खिळ्यांसारखी.

म्हणजे अक्काला हे असं दिसतंय तर. तिनं उत्तर दिलं ते अंदाजानं दिलं असणार. बरी आहेस ना, हे तर कुणीही ओळखील. या वयात तिनं उलटं वाचायचं? लहानपणीही तिला ते कधी साधलं नव्हतं. सुनेला विचारावं असं त्यांच्या मनात आलं, पण ती एका डोळ्यानं घड्याळाकडे बघत उद्याच्या पाळीचे कपडे इस्त्री करत होती. शिवाय विचारायचं ते काय? उलटं लिहिणं हा तर आपला धंदा.

पुढच्या रविवारी सून पाळीवर गेल्यावर त्यांनी पाटीवर सगळं उलटं लिहिलं. उजवीकडून सुरुवात करून डावीकडे, एकही अक्षर न डगमगता. पाटी वर धरली आणि कोपऱ्यातल्या चौकटीत पाहिलं. अक्षरं सुलट. छापून आल्यासारखी सुबक. आप्पांना इतकं समाधान वाटलं की त्यांनी मनातल्या मनात देवाला हात जोडले. या यंत्रात त्यांना कळलेली ही पहिलीच गोष्ट होती.

आणि तिथूनच सगळं बिनसत गेलं.

त्यांनी लिहिलं, 'झोप लागते का?' अक्का पाटीकडे बघत राहिली आणि म्हणाली, "हो, यंदा थंडी तशी कमीच आहे." त्यांनी विचारलं, 'भाची कुठे गेली?' अक्का हसून म्हणाली, "चाललंय बरं." आप्पांना वाटलं अक्षर बारीक पडलं असेल. त्यांनी मोठं काढलं. मग त्याहून मोठं काढलं, एका पाटीवर एकच शब्द. अक्का टॅबच्या इतकी जवळ यायची की काचभर तिच्या कपाळावरच्या सुरकुत्याच दिसायच्या. मग मागे सरून बसायची आणि हळूच "हो" म्हणायची.

तो 'हो' आप्पांच्या ओळखीचा होता. मोठ्यांचं बोलणं पटलं नसलं किंवा कळलं नसलं की अक्का लहानपणी अस्साच 'हो' म्हणायची, मान खाली घालून. पण आता समोर मोठं माणूस कोण होतं? समोर खिळ्या होता.

रविवारमागून रविवार असे गेले. आप्पांना काही उमगेना. कधी वाटे की टॅबच मधल्यामध्ये काही घोळ घालतोय. आपण एक विचारतो आणि तिकडे दुसरंच पोचतं. पूर्वी छापखान्यात एका पानाच्या ओळी दुसऱ्या पानात जायच्या, तसं काहीतरी. सुनेला हे सांगितलं तेव्हा ती हसली नाही. ती दिवसभर म्हाताऱ्या माणसांतच वावरायची. मग तिनं नुसतं विचारलं, अक्का आत्या वारा-पावसाचंच बोलतात का हल्ली. आप्पांनी तिच्याकडे पाहिलं आणि त्यांना कळलं की तिला काय म्हणायचंय. त्या दिवशी ते जेवले नाहीत, म्हणाले पोट जड आहे.

मग भाचीचा फोन आला. सुनेनं मोबाइल टेबलावर ठेवून आवाज मोठा केला. भाची आधी इकडचंतिकडचं बोलली, मग एकदम रडवेली झाली. आई पेपर उघडतच नाही म्हणाली. डोळे दुखतात म्हणते, म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं, तर तिथला तक्ता वाचायलाही तयार होईना; त्यांनी दिव्यानं बघितलं, म्हणतात डोळे ठणठणीत. परवा मोरीतला नळ वाहता ठेवून खिडकीशी बसली होती, पाणी जिन्यातून खाली दुकानात आलं. रविवारी मामांशी बोलणं झालं की दिवसभर तोंडातून शब्द काढत नाही. खाली गिऱ्हाईक सोडून मला घटकेघटकेला वर पळता येत नाही. गावाबाहेर म्हाताऱ्या माणसांसाठी एक घर आहे, स्वच्छ आहे, रात्रंदिवस माणसं असतात, तिथे एक खोली रिकामी झालीय. सोमवारी त्यांना हो की नाही ते कळवायचंय. विचारलेलं समजतं का, लिहिलेलं वाचतात का, असं तिथल्या बाई विचारत होत्या.

"मामा, तुमच्याइतकं तिला कुणी ओळखत नाही," ती म्हणाली. "रविवारी नीट बघा आणि मला खरं काय ते सांगा. तुम्ही म्हणाल तसं करीन."

आप्पांनी एवढंच विचारलं, की तिथे रविवारी हा टॅब कोण लावून देईल. भाची म्हणाली, तिथे तसं कुणी बसत नाही मामा, माणसं खूप आहेत त्यांच्याकडे.

तो आठवडा आप्पांनी कसा काढला ते त्यांनाच ठाऊक. देवापुढे बसले की रोजचे शब्द ओठांवर यायचे आणि मन अक्काच्या दारात जाऊन उभं राहायचं. माझा दुसराही खुबा ने, पण तिचं डोकं शाबूत ठेव, असं ते मागत. मग आपण देवाशी अदलाबदल करतोय याची त्यांना लाज वाटे आणि ते पुन्हा पहिल्यापासून सुरू करत. एका संध्याकाळी त्यांनी सुनेला कपाटावरची पत्र्याची पेटी खाली काढायला लावली. तीत एका जुन्या फडक्यात त्यांची लोखंडी पट्टी होती आणि पसाभर खिळे. छापखाना बंद झाला तेव्हा मालकानं ज्याला जे न्यायचं ते नेऊ दिलं होतं. फडक्याला अजून शाईचा वास होता. हे कशाला हवंय, असं सुनेनं विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी आप्पांना नीटसं सांगता आलं नसतं.

ते उमेदवार म्हणून छापखान्यात काम शिकत होते तेव्हाची गोष्ट. अक्का भर दुपारी त्यांचा डबा घेऊन छापखान्यात यायची, आणि स्वतः न जेवता यायची. आप्पा बोलायचे नाहीत, कारण कामाच्या वेळी बोललं की मालक ओरडायचा. ते पट्टीत एक ओळ जुळवायचे आणि तिच्यापुढे धरायचे. अक्काला उलटं वाचता यायचं नाही. ती पिशवीतून एक बारकासा गोल आरसा काढायची, पट्टीकडे पाठ करून उभी राहायची आणि खांद्यावरून आरशात बघून वाचायची. 'अक्का, जेवलीस का?' ओळ रोज तीच, आणि तिचं उत्तरही रोज तेच. "तू आधी खा."

खिळे पसाभरच होते, पण त्या ओळीपुरते निघाले. एका मात्रेचं टोक झिजलं होतं. आप्पांनी ओळ जुळवली, फटीत पुठ्ठ्याचा तुकडा सरकवून घट्ट केली आणि पट्टी टॅबशेजारी ठेवून दिली.

रविवारी सून पाळीवर गेली. जाताना ती दारात घुटमळली, म्हणाली, "आप्पा, जे असेल ते असेल. तुम्ही मनाला लावून घेऊ नका." आप्पांनी मान हलवली. मनाला लावून घ्यायचं नाही तर मग मन असतं कशाला, हे त्यांना खरोखरच कळलं नव्हतं.

ठरल्या वेळी भाचीनं तिकडून जोडून दिलं. तिच्या खांद्यावर टॉवेल होता, खालून कुणीतरी हाका मारत होतं. तिनं आप्पांकडे एकदा बघितलं, आईच्या पाठीवर हात फिरवला आणि ती खाली गेली. अक्का काचेत राहिली. केस नीट विंचरलेले, हात मांडीवर. परीक्षेला बसवलेल्या मुलीसारखी.

आप्पांनी पाट्या आदल्या दिवशीच लिहून ठेवल्या होत्या, मोठ्या, काळ्याभोर अक्षरांत. पहिली वर धरली. 'तुझ्या मुलीचं दुकान कशाचं आहे?' कोपऱ्यातल्या चौकटीत तपासून घेतलं. सुलट, स्पष्ट. अक्का पुढे झुकली. तिचे ओठ हलले, थांबले. "हो, हो," ती म्हणाली.

दुसरी पाटी लिहिताना आप्पांचा हात जड झाला होता, आणि ती उचलताना त्याहून जड झाला. 'मी कोण?'

अक्कानं बराच वेळ पाहिलं. तिचे डोळे पाटीवरून त्यांच्या तोंडाकडे आले, पुन्हा पाटीकडे गेले. डोळ्यांत भीती होती. ती आप्पांनी ओळखली, पण कशाची ते ओळखलं नाही. "बरंय की," ती हळूच म्हणाली, आणि मान खाली घातली.

आप्पांनी पाटी टेबलावर पालथी ठेवली. भाचीला काय सांगायचं ते आता ठरल्यासारखंच होतं. मग त्यांचा हात पट्टीकडे गेला. परीक्षेसाठी नव्हे. जाण्याआधी तिनं ती एकदा बघावी, एवढंच. त्यांनी खिळ्यांची ओळ काचेपुढे धरली आणि सवयीनं कोपऱ्यात पाहिलं.

चौकटीत ओळ सुलट होती.

आप्पा चमकले. खिळे उलटे, हे तर नक्की. हातात बघितलं, उलटे. चौकटीत बघितलं, सुलटे. मग पाट्या उलट्या लिहिल्या त्याही सुलट, आणि खिळे उलटे तेही सुलट. बरोबरच आहे की. पण मग बरोबर असेल तर डोक्यात हे काय खुपतंय? त्यांनी पट्टी फिरवून बघावी म्हटलं, तेवढ्यात अक्काचा आवाज आला.

"खिळे?"

ती ताठ बसली होती. तिनं एका बाजूला वाकून काहीतरी चाचपलं, पिशवीचा बंद ओढल्याचा आवाज झाला. मग खुर्चीला धरून ती उठली आणि तिनं आप्पांकडे पाठ केली. काचेत नुसता तिचा पांढरा अंबाडा राहिला आणि चुरगळलेला पाठीवरचा पदर.

"अक्का," आप्पा म्हणाले. तिला ऐकू येत नाही हे ते त्या क्षणी विसरून गेले. "अक्का, अशी जाऊ नकोस गं."

ती गेली नव्हती. तिच्या खांद्यावरून एक गोल चकाकी वर आली. थरथरत इकडे झाली, तिकडे झाली, छताचा दिवा तिच्यात आला आणि गेला. मग त्या गोलात एक डोळा दिसला, चष्म्याच्या अर्ध्या काचेसकट. तो डोळा शोधत शोधत आला आणि आप्पांवर स्थिर झाला.

"अ-क्का," तिनं शाळेतल्यासारखं एकेक अक्षर लावत वाचलं. "जे-व-लीस का."

आरसा हलत राहिला. तशीच पाठमोरी राहून ती म्हणाली, "तू आधी खा."

आप्पांच्या हातातली पट्टी डगमगली. तिच्या नजरेतून ते सुटलं नाही. "हलू नकोस," ती म्हणाली, आणि आवाज एकदम थोरल्या बहिणीचा झाला. "मघाची पाटी धर परत. ती शेवटची."

आप्पांनी 'मी कोण?' वर धरली. आरसा पुन्हा थरथरला, थांबला. मग तिचे खांदे हलायला लागले. आप्पांना वाटलं रडतेय. ती वळली तेव्हा कळलं की ती हसतेय, आणि रडतेयही.

"मी कोण म्हणे. गाढव आहेस, आणखी कोण," ती म्हणाली. "इतके रविवार मला उलटं दाखवत बसला होतास? मला वाटलं माझं डोकं गेलं रे. अक्षरं दिसतायत आणि लागत नाहीत. तुझं अक्षर, खिळ्या. ते नाही लागलं तर काय उरलं? पेपर उघडायची भीती वाटायला लागली मला. म्हटलं तोही लागला नाही तर कुणाला सांगू."

आप्पांनी घाईघाईनं कोरी पाटी ओढली आणि लिहिलं, 'मला तर सुलट दिसतंय.' हात सवयीनं उलटाच चालला. अक्कानं निमूट पाठ केली, आरशात वाचलं आणि पुन्हा वळली.

"तुला काय दिसतंय ते तुझ्यापाशी. मला काय दिसतंय ते मला विचारशील की नाही?"

आप्पांनी पेन खाली ठेवला. अक्कानं खुर्चीला टेकवलेली आपली काठी जमिनीवर आपटून मुलीला वर बोलावलं. भाची कात्री हातात घेऊनच धावत आली, तिला वाटलं काही तरी झालं. तिनं टॅबमध्ये पाहिलं, मामांच्या हातातली पाटी पाहिली, आईच्या हातातला आरसा पाहिला, आणि खाली गिऱ्हाईक अर्ध्या केसांनिशी बसलेलं सोडून ती खुर्चीच्या हातावर टेकली.

मग तिनं मामांना समजावलं. ती कोपऱ्यातली चौकट म्हणजे आरसा आहे, तुमच्यापुरता. माणसाला स्वतःला आरशात बघायची सवय असते म्हणून ते तसं दाखवतात. तिकडे कुणाला ते तसं दिसत नाही. तुम्ही सरळ लिहिता तेव्हा आम्हाला सरळच दिसतं. माझ्या दुकानात पण असंच होतं मामा, गिऱ्हाईक आरशात बघून म्हणतं भांग इकडे पाडा, आणि मी विचारते, तुमचं इकडे की माझं इकडे.

आप्पा लक्ष देऊन ऐकत होते. प्रत्येक वाक्य त्यांना कळत होतं. सगळी मिळून मात्र कळत नव्हती. आरसा असेल तर आरशासारखा भिंतीवर असावा. खिडकीच्या कोपऱ्यात आरसा कोण बसवतो? आणि बसवला तर तसं लिहून का नाही ठेवत? परवानगी मागायला तर घटकेघटकेला येतात.

भाचीनं एकदा आईकडे पाहिलं. आईला ऐकू येणार नव्हतं, तरी तिनं आवाज खाली आणला. "मामा, सोमवारी त्या बाईंना काय सांगू?"

आप्पांनी चष्मा काढून पुसला. या एका प्रश्नात तरी त्यांना कसलाच गोंधळ नव्हता.

"सांग, मजकूर बरोबर होता," ते म्हणाले. "जुळारी चुकला."

भाची हसली, पण नळाचं काय, हे तिच्या तोंडावर दिसत होतं. आप्पांनीच विषय काढला. वाहता नळ आपल्याला ऐकू येतो म्हणून आपण बंद करतो, अक्काला कशानं कळणार? भाची म्हणाली की हे माझ्या लक्षातच आलं नाही. नळाच्या वर एक पाटी लावते, आणि दुकानातून दर दोन गिऱ्हाइकांमागे एकदा वर येऊन जाईन. "पाटी सरळ लिही," आप्पा म्हणाले. अक्कानं विचारलं, तुम्ही दोघं माझ्याबद्दल काय बोलताय, आणि भाचीनं तिच्या कपाळावरची बट मागे सारली.

संध्याकाळी सून घरी आली. सगळं ऐकून तिनं आधी डोळे पुसले, मग दवाखान्याच्या पिशवीतून जखमेवर लावायची चिकटपट्टी काढली आणि टॅबच्या त्या कोपऱ्यावर लावून टाकली. "आता तुम्ही तुम्हाला दिसायलाच नको," ती म्हणाली. आप्पांना ते एकदम पटलं. सोमवारी भाचीनं त्या बाईंना नाही म्हणून कळवलं आणि तसा निरोप सुनेच्या मोबाइलवर आला. आप्पांनी तो तिच्याकडून दोनदा वाचून घेतला.

पुढच्या रविवारी त्यांनी दाढी केली, सदरा घातला, गळ्याजवळचं बटण लावलं आणि पाटी सरळ लिहिली. इतक्या रविवारांनंतर सरळ लिहिताना हात अडखळत होता. आपण काहीतरी चुकीचं करतोय असं सारखं वाटत होतं. अक्का काचेत आली. आप्पांनी पाटी वर धरली. 'आज नीट दिसतंय का?' सवयीनं कोपऱ्यात पाहिलं, तर तिथे चिकटपट्टी. आपण कसे दिसतोय, पाटी कशी दिसतेय, कळायला काही मार्गच नव्हता.

अक्का हलली नाही. तोंड जरासं उघडं, नजर समोर. ती वाचतेय, की तिला लागत नाहीये, की टॅबच थांबलाय? आप्पांनी पाटी तशीच धरून ठेवली. हात भरून आला तेव्हा दुसऱ्या हातात घेतली. विचारायचं कुणाला? सून पाळीवर होती, आणि देवाला या यंत्रातलं किती कळतं याची त्यांना खात्री नव्हती. तरी त्यांनी त्याचं नाव घेतलं.

मग चित्र हललं. अक्कानं पापणी लववली, आणि तिच्या मांडीवरचा हात वर आला. त्यात तो गोल आरसा होता.

"दिसतंय, दिसतंय," ती म्हणाली. "हा आपला जवळ घेऊन बसलेय. तुझा काय भरवसा."

आणि तिनं आरसा टेबलावर पालथा घालून ठेवला.